डॅशहंडचा संकर घेतला तर पाठीचा आजार टळतो का? आणि घ्यायचाच तर कुठला?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घरात सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, सगळ्यांना डॅशहंड, म्हणजे तो लांब पाठीचा नि आखूड पायांचा कुत्रा, हवाय, पण ओळखीच्या एका घरातल्या डॅशहंडचे मागचे पाय पाचव्या वर्षी लुळे पडलेले तुम्ही पाहिलेत आणि तेव्हापासून धास्ती बसली आहे. "शुद्ध जातीचा नको, संकर घ्या, पाठीचं दुखणं लागत नाही," असं कुणीतरी सांगितलं. आता चिहुआहुआ, पूडल आणि बीगल या तीन जातींबरोबरचे संकर समोर आहेत आणि त्यांतला कुठला घ्यावा हे ठरत नाहीये.

मी पशुवैद्य आहे. २१ वर्षं कुत्र्या-मांजरांचाच दवाखाना चालवतोय आणि डॅशहंड नि त्याचे नाना संकर भरपूर हाताखालून गेलेत. उत्तर लांबणार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण तुमचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे: डॅशहंडचा संकर घेतल्यानं पाठ वाचत नाही. धोका थोडाफार कमी-जास्त होतो, जात नाही. संकरानं बाकी पुष्कळ काही बदलतं. केस बदलतात, आकार बदलतो, स्वभावाचा कल बदलतो आणि दुसऱ्या जातीचे आजारही पदरात पडतात. संकर निवडायचा तो या बदलांकडे बघून.

पाठ का वाचत नाही, ते जरा नीट सांगतो. डॅशहंड ही जात जर्मनीत बॅजर नावाच्या, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या प्राण्याच्या बिळात शिरण्यासाठी घडवली गेली. नावातला 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. त्याचे पाय आखूड होतात ते एफजीएफ-४ नावाच्या जनुकाच्या जादा प्रतींमुळे. यांतली एक प्रत १८व्या गुणसूत्रावर आहे, ती २००९मध्ये उजेडात आली. दुसरी १२व्या गुणसूत्रावर आहे, ती २०१७मध्ये. पहिलीनं पाय आखडतात, एवढंच. दुसरीनं पाय आखडतातच, शिवाय मणक्यांमधल्या चकत्या अकाली म्हाताऱ्या होतात.

चकती म्हणजे दोन मणक्यांमधली उशी. बाहेर चिवट कडं आणि आत पाणीदार गर. इतर कुत्र्यांत हा गर कित्येक वर्षं ओला राहतो. १२व्या गुणसूत्रावरची ती जादा प्रत असेल, तर तो पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच सुकायला लागतो, त्यात कॅल्शियम साचतं, आणि एखाद्या दिवशी कडं फाटून तो खडूसारखा झालेला गर वरच्या मज्जारज्जूवर आदळतो. सोफ्यावरून मारलेली उडी हे फक्त निमित्त असतं, तयारी कधीच झालेली असते. म्हणूनच कित्येक कुत्रे रात्री ठणठणीत झोपतात आणि सकाळी मागचा भाग ओढत बाहेर येतात. डॅशहंडमध्ये साधारण चारा-पाचांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेकांना तिसऱ्या ते सातव्या वर्षादरम्यान.

आता मुद्द्याची गोष्ट. हा दोष एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. जवळपास सगळ्या डॅशहंडांमध्ये १२व्या गुणसूत्रावरची ती प्रत आई आणि बाप दोघांकडून आलेली असते, त्यामुळे डॅशहंड आणि दुसरी कुठलीही जात यांच्या पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाला ती प्रत मिळतेच. दुसरा पालक कितीही ताठ पाठीचा असो.

"संकर निरोगी असतो" हे वाक्य सपशेल खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्या आजारांना आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत यावी लागते, तिथे ते चांगलंच लागू पडतं. छोट्या पूडलमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. छोट्या लांबकेसी डॅशहंडमध्येही तसाच आजार आहे, पण त्याचं जनुक वेगळं. या दोघांच्या पहिल्या पिढीतलं पिल्लू यांपैकी एकाही आजारानं आंधळं होत नाही, कारण प्रत्येक दोषाची एकच प्रत त्याच्याकडे असते. हा संकराचा खरा फायदा. पाठीचा दोष या प्रकारात बसत नाही.

मागच्या वर्षी चार वर्षांची एक मादी आली होती, बीगल आणि डॅशहंडचा संकर. "पोटात दुखतंय तिच्या, दोन दिवस थरथरतेय, जिना चढत नाही," असं तिच्या मालकांचं म्हणणं होतं. पोट दगडासारखं कडक केलेलं, पाठ किंचित कुबडी, मान खाली. तिला टेबलावर उभं करून मागचा एक पंजा उलटा ठेवला, म्हणजे बोटांची वरची बाजू टेबलाला लागेल असा. कुत्रा हा पंजा लगेच सरळ करतो, आपल्याला नीट दिसायच्या आत. हिनं तो तसाच ठेवला. एक, दोन, तीन सेकंद. मग हळूच सरळ केला. दुखणं पोटाचं नव्हतं, पाठीचं होतं. पोट आवळून धरणं हे पाठ वाचवण्यासाठी होतं. चार आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती दिली आणि ती बरी झाली. पण तिचे मालक जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून गेलं नाही: "आम्ही मुद्दाम क्रॉस घेतली होती, हे होऊ नये म्हणून."

एक अपवाद मात्र आहे आणि तो फारसं कुणी सांगत नाही. आखूड पायांची प्रत आणि चकतीची प्रत वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणजे त्या एकत्रच आल्या पाहिजेत असं नाही. डॅशहंडचा पहिल्या पिढीचा संकर आणि चकतीचा दोष अजिबात नसलेली जात यांची जोडी लावली, तर होणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी निम्मी त्या दोषातून सुटलेली असतात आणि त्यांतल्या काहींचे पाय तरीही आखूड असतात. कुठलं पिल्लू सुटलंय हे डोळ्यांनी कळत नाही. गालाच्या आतल्या लाळेच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी होते. तिचं नाव सीडीडीवाय, आणि अहवालात शून्य, एक की दोन प्रती ते लिहून येतं. पिल्लू देणारा माणूस "याच्या पाठीला काही होणार नाही" असं छातीठोकपणे सांगत असेल, तर हा शून्याचा अहवाल मागा. बाकी कुठल्याही आश्वासनाला माझ्या लेखी किंमत नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

चिहुआहुआबरोबरच्या संकराला 'चिविनी' म्हणतात आणि डॅशहंडच्या संकरांत सगळ्यात जास्त दिसणारा बहुधा हाच. वजन साधारण तीन ते साडेपाच किलो, कान मोठे, तोंड निमुळतं, एका माणसावर जीव ओवाळून टाकणारा. तुमच्या घरासाठी मला तो नको वाटतो. पुढच्या पायाची दोन हाडं पेन्सिलीएवढी असतात आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातातून निसटून पडणं ती मोडायला पुरतं. असे मोडलेले पाय मी बरेच बांधलेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी रडत आलेलं मूल सोबत होतं. त्याखेरीज गुडघ्याची वाटी सरकणं, दातांची दाटी, अगदी लहान पिल्लांमध्ये चार-पाच तास उपाशी राहिलं तरी साखर उतरून गळून जाणं, हे चिहुआहुआकडून येऊ शकतं. काही पिल्लांची टाळू भरलेली नसते, म्हणून घेण्याआधी डोक्यावर मधोमध बोट फिरवून पाहा. आणि पाठीच्या बाबतीत म्हणाल, तर चकतीची ती प्रत चिहुआहुआमध्येही आढळते, म्हणजे काही पिल्लांना ती दोन्हीकडून येते.

स्वभावाचंही इथेच बोलतो. डॅशहंड अंधाऱ्या बिळात एकट्यानं निर्णय घेणारा कुत्रा आहे. मालक वर, हा खाली, समोर दात दाखवणारा बॅजर. अशा कामासाठी निवडलेला प्राणी हट्टी असणार, अंगापेक्षा मोठा आवाज काढणार आणि अंगावर आलेल्याला माघार देणार नाही. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालकांच्या एका मोठ्या पाहणीत माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर गुरगुरण्या-चावण्यात सरासरीच्या वर गेलेल्या जातींमध्ये डॅशहंड आणि चिहुआहुआ ही दोन्ही नावं होती. याचा अर्थ प्रत्येक चिविनी चावरा असतो असा होत नाही. २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात, एका कुत्र्याच्या वागणुकीतल्या फरकापैकी जातीनं फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास उलगडा होतो असं दिसलं. माझा अनुभवही तेच सांगतो: पिल्लाची आई अनोळखी माणसाशी कशी वागते, आणि तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लानं किती माणसं, मुलं, आवाज अनुभवले, यावरून मला जातीच्या नावापेक्षा जास्त कळतं. पण दोन्हीकडून सावध, तापट रक्त येत असेल तर चुकीला जागा कमी उरते, एवढं खरं.

पूडलबरोबरचा संकर, ज्याला 'डॉक्सीपू' म्हणतात, तो लोक घेतात "केस गळत नाहीत" म्हणून. हे अर्धसत्य आहे. डॅशहंड तीन प्रकारच्या केसांचा असतो: आखूड गुळगुळीत, लांब, आणि राठ. पूडलकडे दाढी-मिशा-भुवया देणारं एक जनुक असतं आणि त्याची एक प्रत पुरते, त्यामुळे पहिल्या पिढीत जवळपास सगळ्यांना दाढी येते. केसांची लांबी मात्र वेगळ्या जनुकावर अवलंबून असते आणि तिथे आखूडपणाचं पारडं जड असतं. म्हणून आखूडकेसी डॅशहंड आणि पूडल यांची पिल्लं बहुतेक वेळा राठ केसांची, खराट्यासारख्या दाढीची निघतात. बाप किंवा आई लांबकेसी डॅशहंड असेल, तर तीच पिल्लं मऊ, लांब, लाटदार केसांची होतात. तुम्हाला चित्रात आवडलाय तो मऊ गुबगुबीत डॉक्सीपू हवा असेल, तर पालक लांबकेसी आहे का ते विचारा. हे केस कमी गळतात हे बरोबर आहे. पण गळत नाहीत म्हणजे अंगावरच गुंततात. दर दोन दिवसांनी विंचरणं आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कातरणं हे आयुष्यभराचं काम आहे. कानामागे, काखेत आणि मांडीच्या आत गुंते बसतात. वरून ब्रश फिरवला की कुत्रा छान दिसतो आणि खाली कातडीला चिकटून नमदा तयार झालेला असतो. कंगव्याचा दात कातडीपर्यंत पोचला तरच विंचरलं असं समजा. घरात कुणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर तीही यानं जाईल असं धरून चालू नका. ॲलर्जी लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, त्या घरातल्या माणसानं त्याच पिल्लासोबत दोन-तीन वेळा तास-दोन तास बसून बघावं.

स्वभावात पूडलची तरतरी उतरली तर हा संकर शिकवायला तिघांत सोपा जातो, कारण पूडल मुळात माणसाकडे बघून काम करणारा कुत्रा आहे. छोट्या पूडलमध्येही चकतीचा दोष आढळतो, म्हणजे पाठीबाबत इथेही सूट नाही. गुडघ्याची वाटी तपासून घ्यावी, दातांकडे लक्ष ठेवावं लागतं. आकार पालकांवर अवलंबून: खेळण्याएवढा पूडल असेल तर पिल्लू चार किलोंत थांबेल, जरा मोठा असेल तर आठ-नऊपर्यंत जाईल.

बीगलबरोबरचा संकर, 'डॉक्सल', सहा वर्षांच्या मुलासोबत धसमुसळेपणा सोसणारा. वजन साधारण सात ते बारा किलो, हाडापेरानं भक्कम. बीगल कळपात काम करणारा असल्यानं माणसांत आणि कुत्र्यांत मिसळून राहतो, आणि डॅशहंडचा एककल्लीपणा त्यानं जरा मवाळ होतो. पण दोन शिकारी नाकं एकत्र आलीत हे विसरू नका. वास लागला की हाक ऐकू येत नाही. बाहेर पट्टा सोडायचा तो चारही बाजूंनी बंद जागेतच. आवाजाचं म्हणाल, तर डॅशहंडचं भुंकणं आणि बीगलचं लांब हेल काढून रडणं, दोन्ही एका गळ्यात. शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असतील तर हा विचार आधीच करा.

खरी अडचण खाण्याची. दोन्ही जाती अन्नासाठी वेड्या. आणि बीगलमध्ये चकतीची ती प्रत सर्रास असते, त्यामुळे बहुतेक डॉक्सलमध्ये ती दोन्ही पालकांकडून आलेली असते. लांब पाठ, सदोष चकत्या आणि वर दोन किलो चरबी, हे माझ्याकडे येणारं नेहमीचं चित्र आहे. वर सांगितलेली मादी साडेतेरा किलोंची होती, असायला हवी होती दहाची. आणखी एक: राठ केसांचा छोटा डॅशहंड आणि बीगल या दोघांतही लाफोरा नावाचा एकच आनुवंशिक मेंदूविकार आढळतो. प्रौढ वयात अचानक उजेड पडला, आवाज झाला, की डोकं झटक्यानं मागे जातं, आणि पुढे फिट्स वाढत जातात. इथे दोन्हीकडून तीच सदोष प्रत येऊ शकते, म्हणून संकर असूनही संरक्षण नाही. पालक राठकेसी असेल तर ही तपासणी झालीय का हे विचाराच.

बाकीच्या संकरांबद्दल थोडक्यात, कारण बघायला निघालात की तेही समोर येतील.

कॉर्गीबरोबरचा 'डॉर्गी' प्रसिद्ध झाला तो ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथमुळे. त्यांच्या एका कॉर्गीची आणि बहीण मार्गारेट यांच्या पिपकिन नावाच्या डॅशहंडची जोडी जमली आणि तिथून राजवाड्यात डॉर्गींच्या पिढ्या वाढल्या. हुशार, टणक कुत्रा. पण दोन्ही बाजू बुटक्या आणि लांब पाठीच्या, शिवाय गुरं हाकणाऱ्या कॉर्गीची टाचा धरायची सवय धावणाऱ्या मुलांवर निघते. जॅक रसेलबरोबरचा संकर म्हणजे उकरणाऱ्याला उकरणारा भेटलेला. बाग असेल तर ती त्याची झाली असं समजा. रोज दमवणारं कुणी घरात नसेल तर घेऊ नका. यॉर्कीबरोबरचा गोड असतो, पण श्वासनलिका नाजूक असू शकते, त्याला गळ्यात पट्टा न घालता छातीचा हार्नेस घालावा. कॅव्हेलियरबरोबरचा स्वभावानं फार लाघवी, मात्र हृदयाच्या झडपेचा आजार दोन्ही जातींत असतो. त्यामुळे पालकांच्या हृदयाची तपासणी पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

पग किंवा फ्रेंच बुलडॉगबरोबरचा संकर घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. चपट्या नाकानं दम लागतो म्हणून व्यायाम कमी, व्यायाम कमी म्हणून वजन जास्त, आणि ते सगळं वजन त्या पाठीवर. शिवाय फ्रेंच बुलडॉगच्या चकत्याही डॅशहंडसारख्याच सदोष.

लॅब्राडोरबरोबरचा संकर दिसायला लोभस असतो: लॅबचं डोकं, लॅबची छाती आणि खाली वीतभर पाय. आखूड पायांचं जनुक एका प्रतीत काम करतं म्हणून असं होतं. १५ ते २२ किलोंचं धड आणि सदोष चकत्या. त्यात जवळपास पाव लॅब्राडोरांमध्ये भूक भागल्याचा निरोप मेंदूला न पोचवणारा एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे यांतले काही कायम भुकेले राहतात. लकवा मारलेला २० किलोंचा कुत्रा दिवसातून सहा वेळा उचलून लघवीला न्यायचा, हे एका माणसाच्या ताकदीबाहेरचं काम आहे. मी ते घराघरांत पाहिलंय. अशा वेतात आई कोण होती हेही विचारा. डॅशहंड मादीवर मोठा नर घातला असेल तर पिल्लं अडतात, मादीच्या जिवावर बेततं. असं करणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

रंगाबद्दल एक इशारा आणि तो मी दर वेळी देतो. डॅशहंडमध्ये ठिपक्या-डागांचा 'डॅपल' रंग असतो, इतर जातींत त्यालाच 'मर्ल' म्हणतात. जनुक एकच. दोन्ही पालक असे ठिपकेदार असतील, तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दुहेरी मिळतं आणि ते बहिरं, आंधळं किंवा डोळे नीट न घडलेलं जन्मू शकतं. मर्ल चिहुआहुआ आणि डॅपल डॅशहंड ही जोडी 'अनोखे रंग' म्हणून मुद्दाम लावली जाते. बरंचसं पांढरं अंग आणि फिकट निळे, लहानसे डोळे असलेलं पिल्लू दिसलं, तर त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवा. फिक्या लाल किंवा मलई रंगाच्या कुत्र्यात मर्ल लपून बसतो, त्यामुळे "बाप ठिपकेदार नाही" हे उत्तर पुरेसं नाही.

आतापर्यंतचं धरून तुमच्या घराचं बोलायचं तर: सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी मी चिविनी बाजूला ठेवीन. उरलेल्या दोघांतला निर्णय तुमच्या वेळेवर आहे. विंचरायला दर दोन दिवसांनी वेळ खरोखर निघत असेल तर डॉक्सीपू, सात किलोंच्या आसपास वाढणारा, लांबकेसी पालकाचा. तसं होणार नसेल, पण सकाळ-संध्याकाळ तासभर चालणारं कुणी असेल आणि खाण्याच्या वाटीवर घरातल्या एकाचंच राज्य चालणार असेल, तर डॉक्सल. दोन्हींतलं काहीच जमणार नसेल तर या घडीला कुठलाच घेऊ नका. आणि नुसती पिल्लं पाहून परत येऊ नका. आईला चालताना पाहा, ती तुमच्या मुलांजवळ आपणहून येते का ते पाहा. पालकांचं वय विचारा: चार-पाच वर्षांचे होऊन पाठीनं ठणठणीत असलेले पालक मला दीड वर्षाच्या पालकांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. नॉर्डिक देशांत आणि ब्रिटनमध्ये डॅशहंडच्या पाठीचे एक्सरे साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात काढून कॅल्शियम साचलेल्या चकत्या मोजतात आणि त्यावरून जोडी लावायची की नाही ते ठरवतात. डॅशहंड पालकाचा असा एक्सरे कुणी दाखवला तर तो माणूस कामाचा आहे.

पिल्लू आल्यावर पाठीसाठी सगळ्यात मोठं काम वजनाचं. छातीच्या बाजूला बोटं नुसती टेकवली, दाबली नाहीत, तरी बरगड्या लागल्या पाहिजेत. पसरलेल्या हाताच्या मागच्या बाजूची हाडं चाचपल्यावर जशी लागतात तशी. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर जेवण कमी करा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली, पाठ जमिनीला समांतर. पुढच्या बगलांत हात घालून लोंबकळत उचलायचं नाही. सहा वर्षांच्या मुलाला उचलायलाच देऊ नका, त्यानं जमिनीवर बसावं आणि पिल्लानं मांडीत यावं. सोफ्याला उतार करून द्या, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. पण जपायचं म्हणून त्याला बसवून ठेवू नका. रोजच्या चालण्यानं कमरेचे स्नायू भरतात आणि तोच पाठीचा आधार. नसबंदी कधी करायची हे लिंग, स्वभाव आणि घरातली परिस्थिती यांवर ठरतं. २०१८च्या डॅशहंडांवरच्या एका अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत चकतीचा त्रास जास्त दिसला, म्हणून घाईचं कारण नसेल तर मी वर्ष उलटू देतो.

आणि धास्ती ज्याची आहे ते झालंच तर काय, हेही सांगून ठेवतो. थरथरणं, पोट आवळणं, जिन्यापाशी थांबणं, उचलताना ओरडणं, ही पहिली खूण. लगेच पिंजऱ्यात किंवा छोट्या कोपऱ्यात बंद करा आणि त्याच दिवशी दाखवा. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटाला व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि दुखणं दबलं की कुत्रा धावतो नि उरलेली चकतीही फुटते. पाय लटपटायला लागले, पंजा उलटा घासत चालला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. पाय पूर्ण गेले असतील तर आम्ही बोट चिमट्यानं जोरात दाबून पाहतो. पाय आखडून घेतला एवढ्यावर समाधान मानू नका, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्यानं मान वळवून पाहिलं, कण्हला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचतेय. तेवढं शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातले साधारण नऊ पुन्हा चालतात. ती जाणीव गेल्यावर हे प्रमाण निम्म्यावर येतं, आणि जितका उशीर तितकं आणखी खाली. म्हणून पिल्लू घरी यायच्या आधीच एक काम करा: मणक्याची शस्त्रक्रिया करणारं जवळचं ठिकाण कोणतं, तिथे रात्री कुणी असतं का, हे फोन करून विचारा आणि तो नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा.